पायापासून रस्त्यापर्यंत

दिवाळी उलटली की तुमसरच्या रस्त्यांचा चेहरामोहरा बदलतो. धानाच्या कट्ट्यांनी शिगोशीग भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या चहूबाजूंच्या गावांतून बाजार समितीकडे निघतात. डोंगरी बुजरुक आणि चिखला इथल्या खाणींचं मँगनीज वाहणारे ट्रक त्यांच्यातून वाट काढतात. गावाबाहेर पडलं की डांबरी रस्त्याच्या एका बाजूला धान वाळत घातलेलं, कडेनं दगड मांडलेले, आणि उरलेल्या अर्ध्या रस्त्यावरून दोन्हीकडची वाहनं. या सगळ्यात अलीकडे भर पडली ती नव्या मोटारींची. एबीएस, ईबीडी, ईएसपी ही अक्षरं शोरूममधून ऐकून आलेली माणसं मला हमखास विचारतात, "सर, या गाडीचे ब्रेक चांगले आहेत ना?" मी इथल्या शाळेत अनेक वर्षं विज्ञान शिकवलं, पास्कलचा नियम दर वर्षी फळ्यावर काढला, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. एका वाक्यात त्याचं उत्तर मला कधीच देता आलेलं नाही. ब्रेक म्हणजे चालकाच्या तळपायापासून टायरखालच्या डांबरापर्यंत गेलेली साखळी. शंभर वर्षांत तिच्या बहुतेक कड्या मजबूत झाल्या; शेवटची कडी मात्र अजून रस्त्यावरच पडलेली आहे.

आधी गाडी थांबते म्हणजे काय होतं ते पाहू. माणसांसकट छोटी मोटार साधारण बाराशे किलोची धरा. ताशी ९० किलोमीटर वेगानं ती धावत असेल तर तिच्यात ३७५ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. एवढ्या ऊर्जेत सव्वा लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला येईल. गॅसच्या शेगडीवर याला चार-पाच मिनिटं लागतात. करकचून ब्रेक दाबला तर मोटारीला तेवढी ऊर्जा चार सेकंदांच्या आत बाहेर टाकायची असते. म्हणजे त्या वेळची ब्रेकची ताकद १०० किलोवॉटच्या घरात जाते, जवळजवळ १४० अश्वशक्ती. त्याच गाडीचं इंजिन ८०-८५ अश्वशक्तीचं असतं. गाडीतलं सगळ्यात ताकदवान यंत्र चाकांच्या आत बसलेलं आहे, हे सांगितलं की माझा वर्ग गप्प व्हायचा.

आणि ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट. तुमसर-भंडारा रस्त्यावर ताशी ६० ने गाडी हाकणारा माणूस नागपूर ओलांडून समृद्धी महामार्गाला लागतो तेव्हा त्याचा काटा १२० वर जातो; तिथे मोटारींना तेवढी मुभा आहे. गाडी तीच, पॅडल तेच. कोरड्या चांगल्या रस्त्यावर ताशी ६० वरून गाडी वीसेक मीटरमध्ये थांबते, १२० वरून मात्र ८० मीटर लागतात. यात डोळ्यांना दिसल्यापासून पाय पॅडलवर पडेपर्यंतचा एक सेकंद धरलेला नाही. त्या एका सेकंदात ६० च्या वेगाला १७ मीटर आणि १२० च्या वेगाला ३३ मीटर नुसतेच निघून जातात. तुमसरच्या रस्त्यावर तयार झालेला पायाचा अंदाज समृद्धीवर चौपटीनं चुकतो.

आता साखळीची पहिली कडी. ब्रेकचं पॅडल ही साधी तरफ आहे. पायानं २० किलोचा जोर दिला की तिच्या दुसऱ्या टोकाला साधारण ८० किलो मिळतात. तिथून पुढे बूस्टर. बॉनेट उघडल्यावर चालकासमोरच्या भिंतीला चिकटलेला जो काळा गोल डबा दिसतो, तो. त्याच्या आत रबरी पडदा असतो आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंची हवा इंजिन सतत ओढून घेत असतं. डिझेल गाडीत यासाठी वेगळा पंप असतो. पॅडल दाबताच पडद्याच्या एका बाजूला बाहेरची हवा आत येते आणि वातावरणाचा दाब आपल्या पायाच्या मदतीला धावतो. ८० किलोचे तीनशे-सव्वातीनशे होतात ते असे. पेट्रोल वाचवायचं म्हणून उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणारी मंडळी आजही दिसतात. बंद इंजिनाच्या बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरतीच शिल्लक असते. ती संपली की पॅडल दगडासारखं लागतं, आणि घाबरलेल्या माणसाला वाटतं ब्रेक फेल झाला.

बूस्टरच्या पुढे मास्टर सिलिंडर. इथून पुढचं सगळं काम द्रवाचं. सतराव्या शतकात पास्कलनं सांगितलेलं तत्त्व असं की बंद द्रवावर कुठेही दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो. मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याचं क्षेत्रफळ सव्वातीन चौरस सेंटिमीटर धरलं तर तीनशे-सव्वातीनशे किलोंच्या जोरानं पाइपमध्ये दर चौरस सेंटिमीटरला शंभरेक किलोंचा दाब तयार होतो. पुढच्या चाकाच्या कॅलिपरमधला दट्ट्या सुमारे २० चौरस सेंटिमीटरचा असतो. हिशेब केला तर पायाचे २० किलो एका चाकाशी जवळजवळ दोन हजार किलोंची पकड होऊन बसतात. याची किंमत अंतरात मोजावी लागते. पॅडल हातभर खाली गेलेलं नसतं, पण जेवढं जातं त्याच्या मानानं चाकाकडचा दट्ट्या केसभरच सरकतो. म्हणून या व्यवस्थेत कणभरही ढिलाई चालत नाही.

ती ढिलाई मी पायानं अनुभवली आहे. एका पावसाळ्यात माझ्या गाडीचं पॅडल पोकळ लागायला लागलं. दोन-तीनदा पंप केलं की वर यायचं, पुन्हा खाली. गॅरेजमध्ये नेलं तेव्हा मिस्त्री म्हणाला, "तुम्ही आत बसा जी, पॅडल तुम्हीच मारा." त्यानं मागचं चाक काढलं, निपलवरची रबरी टोपी काढली, पारदर्शक नळी चढवली आणि तिचं दुसरं टोक तळाशी थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवलं. "मारा... मारा... मारा... आता धरून ठेवा." त्यानं पाना पाव आटा फिरवला आणि पॅडल माझ्या पायाखालून थेट फळीपर्यंत गेलं. "सोडू नका जी, मी म्हणेपर्यंत." निपल बंद होण्याआधी पाय उचलला तर बाहेरची हवा पुन्हा आत ओढली जाते, म्हणून ही ताकीद. खिडकीतून वाकून पाहिलं तर नळीतून काळ्या चहाच्या रंगाचं ऑइल चाललं होतं आणि त्यात मोहरीएवढे बुडबुडे एकामागोमाग एक. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करून चारही चाकं झाली, तोवर नळीत पातळ मधासारखं स्वच्छ ऑइल यायला लागलं होतं. शेवटी पॅडल दाबलं तर वरच्या वरच घट्ट लागलं. द्रव दाबून लहान होत नाही, वायू होतो, हे मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिलं होतं. त्या दिवशी ते तळपायाला कळलं.

आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो ते खरं तर तेल नव्हे. बहुतेक मोटारींत ग्लायकॉल जातीचा द्रव असतो आणि त्याला पाण्याची ओढ असते. रबरी नळ्यांतून, टाकीच्या झाकणातून तो हळूहळू ओलावा शोषत राहतो. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ती हमी १५५ अंशांवर येते. डॉट ३ ची उतरण २०५ वरून १४० पर्यंत. लागोपाठ ब्रेक मारून कॅलिपर तापला की हे ओलसर ऑइल उकळतं, पाइपमध्ये वाफ होते, आणि वाफ म्हणजे पुन्हा वायूच. पॅडल दाबलं जातं, दाब पुढे जात नाही. गाडी गार झाली की वाफेचं परत द्रव होतं आणि गॅरेजमध्ये तपासणाऱ्याला काहीच सापडत नाही. भंडाऱ्याच्या चार महिने भिजणाऱ्या आणि मे महिन्यात ४५ अंशांवर तापणाऱ्या हवेत दर दोन वर्षांनी ऑइल बदलणं ही चैन समजू नये. इंजिन ऑइलची पाळी न चुकवणारे लोक दहा-दहा वर्षं ब्रेक ऑइलकडे बघत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. आणि टाकीत कमी दिसलं म्हणून दुसरं कुठलंही तेल तर चुकूनही ओतू नये. खनिज तेलानं आतली रबरं फुगतात आणि सगळी व्यवस्था निकामी होते.

द्रवाच्या ब्रेकची एक मूळची उणीव आहे. तुमसर रोड स्टेशनात मालगाडी थांबते तेव्हा हवेचा जो फुत्कार ऐकू येतो, त्याच्याशी ताडून पाहिली की ती लक्षात येते. रेल्वेच्या सगळ्या डब्यांखालून जाणाऱ्या पाइपमध्ये ५ किलो दाबाची हवा कायम भरलेली असते, आणि ती हवा आहे तोवर ब्रेक सुटलेले राहतात. हवा सोडली की ब्रेक लागतात. मधेच गाडी तुटली, पाइप फाटला, तरी हवा जाते आणि गाडी आपोआप थांबते. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८७० च्या दशकात आणलेली ही युक्ती. बिघाड झाला तर थांबायचं, असा तिचा कल आहे. जड ट्रकांचे एअर ब्रेकही बरेचसे याच विचाराचे: हवा संपली की आतली जाड स्प्रिंग सुटते आणि चाक धरून ठेवते. मोटारीच्या ब्रेकचा कल याच्या उलट. पाइप फुटला की ऑइल सांडतं आणि गाडी पळत राहते. म्हणून मास्टर सिलिंडर दोन कप्प्यांचा केला. बहुतेक छोट्या गाड्यांत एक कप्पा पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक सांभाळतो, दुसरा उरलेली दोन. एक बाजू गेली तरी तिरकी जोडी शाबूत राहते. ती किती कामाची? मोटारींसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या ब्रेक नियमानुसार ताशी १०० वरून सगळे ब्रेक चालू असताना गाडी ७० मीटरच्या आत थांबली पाहिजे. व्यवस्थेचा एक भाग बिघडल्यावर १६८ मीटरच्या आत. पॅडल अचानक खोल जायला लागलं तर पाय न उचलता पूर्ण जोरानं दाबत राहावं. अर्धा ब्रेक तिथे खाली वाट पाहत असतो.

चाकाशी पोचल्यावर दोन तऱ्हा आहेत, डिस्क आणि ड्रम. कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी ज्यांनी चालवली आहे त्यांना चारही चाकांवरचे ड्रम आठवत असतील. ड्रममध्ये दोन अर्धगोल ब्रेक शू आतून बाहेर फाकतात. फिरता ड्रम त्यातल्या एका शूला आपल्याकडे ओढून घेतो, म्हणून कमी जोरात जास्त पकड मिळते. पण सगळी उष्णता बंद डब्यात कोंडते, आणि पाणी आत गेलं तर लवकर निघत नाही. डिस्कमध्ये बिडाची तबकडी उघड्यावर फिरते आणि दोन पॅड तिला चिमटीत धरतात. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ सालीच तिचं पेटंट घेतलं होतं, पण जगाला ती पटली १९५३ मध्ये, जॅग्वारच्या डिस्क ब्रेकवाल्या गाडीनं फ्रान्समधली ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली तेव्हा. आजच्या छोट्या गाडीत पुढे डिस्क आणि मागे ड्रम दिसतात. त्यात कंजुषी आहे असं कुणी मानू नये. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं आणि सत्तर-पंच्याहत्तर टक्के काम पुढचीच चाकं करतात. मागे ड्रम पुरतो, हँडब्रेकही त्यात सोपा बसतो.

कॅलिपर उघडा करून पाहायची संधी मिळाली तर दट्ट्याभोवतीचं रबरी कडं जरूर पाहा. ते गोल धाग्यासारखं नसतं, चौकोनी काटाचं असतं. दट्ट्या पुढे सरकला की ते थोडं मुरडतं, आणि दाब गेला की पूर्ववत होताना दट्ट्याला केसभर मागे ओढतं. पॅड तबकडीपासून सुटतात ते एवढ्यानंच. वेगळी स्प्रिंग लागत नाही. पॅड झिजले की दट्ट्या त्या कड्यातून घसरून थोडा पुढे मुक्काम करतो, आणि ब्रेक आपोआप जुळून राहतो. मागची रिकामी झालेली जागा ऑइल भरून काढतं. म्हणून टाकीतली पातळी हळूहळू उतरली तर नुसतं ऑइल ओतून मोकळं होण्याआधी पॅड बघावेत. अख्ख्या गाडीच्या यंत्रणेत इतकी साधी आणि इतकी हुशार वस्तू मला दुसरी माहीत नाही.

ब्रेकची खरी कसोटी घाटात लागते. आमचा भाग सपाट, म्हणून आमच्या चालकांना ती सवय नाही. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे; तिथून परतवाड्याला उतरताना गाडी सातशेहून अधिक मीटर खाली येते. बाराशे किलोच्या गाडीचा हिशेब केला तर ही ऊर्जा ताशी ९० वरून बावीस वेळा गाडी थांबवण्याइतकी भरते. ती सगळी पॅडलवर घातली तर तबकड्या काही शे अंशांवर जातात, पॅडची पकड सुटत जाते, जळका वास येतो. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम यासाठी. इंजिन फुकट ब्रेक मारतं.

आता अक्षरांकडे येतो. चाक पूर्ण अडकलं की टायर घसरतो, आणि घसरणारं पुढचं चाक स्टिअरिंगचं ऐकत नाही. पकड सगळ्यात चांगली मिळते ती चाक अगदी थोडं, दहा-वीस टक्के, घसरत फिरत असताना. पट्टीचा चालक पाय वरखाली करून हे साधायचा प्रयत्न करी, पण चार चाकांसाठी चार पाय कुठून आणणार? विमानांनी हा प्रश्न आधी सोडवला. मोटारीत बॉशची इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीजच्या मोठ्या गाडीतून आली. प्रत्येक चाकाशी दातेरी किंवा चुंबकी कडं आणि त्याच्यापासून मिलिमीटरभर अंतरावर सेन्सर. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा झपाट्यानं मंदावलं की संगणक ओळखतो की ते आता अडकणार. मग एक झडप त्या चाकाचा दाब रोखते, दुसरी थोडा सोडते, पंप ऑइल परत ढकलतो. सेकंदाला दहा-पंधरा वेळा हे चालतं. पॅडल पायाखाली थरथरतं, खडखड आवाज येतो. नेमक्या याच वेळी घाबरून पाय उचलणारे पुष्कळ आहेत. उचलू नये. ते थरथरणं म्हणजे यंत्रणा काम करते आहे. जोरात दाबून ठेवावं आणि गाडी मोकळ्या बाजूला वळवावी. एबीएस आहे ती या वळवण्यासाठी. आपल्याकडे एप्रिल २०१८ पासून मोटारींच्या नव्या मॉडेलांना आणि एप्रिल २०१९ पासून सर्वच नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. त्याच सुमारास १२५ सीसीवरच्या दुचाक्यांनाही. माझ्या मते रस्ता सुरक्षेसाठी आपल्या सरकारनं घेतलेल्या सर्वांत चांगल्या निर्णयांपैकी हा एक.

पण रस्त्यावर वाळत घातलेलं धान एबीएसला कळत नाही. मागे एका डिसेंबरच्या संध्याकाळी तिरोड्याकडून परतताना समोरून ट्रक आला म्हणून मी गाडी कडेला घेतली, टायर धानावर गेले, आणि तेवढ्यात एक वासरू आडवं आलं. ब्रेक दाबला. पॅडल थरथरलं, गाडी सरळ राहिली, पण थांबेना. धानाचे दाणे टायरखाली छऱ्यांसारखे गडगडत होते. वासरू स्वतःच पळालं म्हणून वाचलं. घरी येऊन विचार केला तेव्हा यंत्रणेचा दोष दिसेना. डांबर आणि रबर यांच्यामध्ये दाण्यांचा थर आल्यावर धरायला काही उरतच नाही. सुट्या मुरमावरही हेच. अडकलेलं चाक निदान मुरूम पुढे लोटून त्याचा ढीग करतं. एबीएस चाक फिरतं ठेवते, म्हणून अशा जमिनीवर थांबायचं अंतर उलट वाढू शकतं. प्रत्येक टायरचा जमिनीला टेकलेला भाग तळहाताएवढा असतो. पायाचे वीस किलो दोन हजार झाले, झडपा सेकंदाला पंधरा वेळा उघडल्या, तरी शेवटी सगळा व्यवहार त्या चार तळहातांवर होतो. टायरच्या खाचांत मधूनमधून जे उंचवटे असतात ते १.६ मिलिमीटरचे. रबर त्यांच्या पातळीला आलं की टायरची मुदत संपली. त्यानंतर पावसात खाचांना पाणी बाहेर टाकता येत नाही आणि टायर पाण्यावर तरंगायला लागतो.

शेतकऱ्यांनी धान रस्त्यावर घालू नये असं म्हणणं सोपं आहे. कापणी एकदम येते, ओलं धान केंद्रावर घेत नाहीत, आणि तापलेल्या डांबरासारखी सपाट कोरडी जागा गावात दुसरी नसते. गावोगाव वाळवणीचे पक्के ओटे झाले तर तो ब्रेकच्याही सुधारणेचाच भाग ठरेल, असं मी मनापासून मानतो.

ईबीडी ही एबीएसचीच बहीण: डिक्कीत दोन कट्टे तांदूळ असले-नसले तर मागच्या चाकांना किती दाब द्यायचा ते ती ठरवते. ईएसपीवर मात्र थोडं थांबायला हवं. १९९५ मध्ये मोटारीत आलेली ही यंत्रणा स्टिअरिंग किती वळवलं आणि गाडी प्रत्यक्षात किती वळली यांची तुलना करते. गाडी फेकली जात असेल तर एकाच बाजूचं एखादं चाक अलगद धरते आणि नाक परत वळणावर आणते. वर्गात हे समजावताना मी कधी गाडीचं उदाहरण दिलं नाही. आमच्या शिवारातला कुणीही ट्रॅक्टरवाला हे करतो. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पॅडलं असतात, डाव्या आणि उजव्या मागच्या चाकाचं वेगळं. चिखलणी करताना बांधाशी पोचला की तो पुढची चाकं वळवतो, आणि चिखलात ती नुसती घसरत असतात म्हणून आतल्या बाजूचं एकच पॅडल दाबतो. ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो. एका चाकाचा ब्रेक मारून वाहन वळवायचं हे ज्ञान धानाच्या बांदीत खूप आधीपासून आहे. पण रस्त्यावर येताना ही दोन पॅडलं खटक्यानं जोडायची असतात. विसरलं आणि घाईत एकच दाबलं गेलं तर भरधाव ट्रॅक्टर गर्रकन फिरतो आणि उलटतो. चिखल-पाण्यात काम करायचं म्हणून हल्लीच्या बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक तेलात बुडवलेल्या चकत्यांचे असतात. ट्रॅक्टरच्या बाबतीत सुधारणा झाली ती अशी.

विजेच्या मोटारींनी या साखळीत नवा पाहुणा आणला. रांजणगावला बनणारी नेक्सॉन २०२० मध्ये विजेवर आली तेव्हापासून आमच्या भागातही अशा गाड्या दिसू लागल्या आहेत. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलला की मोटरचं जनित्र होतं, गाडी मंदावते आणि उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा काही प्रमाणात बॅटरीत परत जाते. पॅड कमी झिजतात. पण न वापरलेल्या तबकड्या पावसाळ्यात गंजतात, म्हणून अशा गाडीचे ब्रेक अधूनमधून मुद्दाम दाबून वापरावेत. दुसरा पाहुणा स्वयंचलित ब्रेक. चाकणला बनणाऱ्या एक्सयूव्ही ७०० सारख्या गाडीत रडार आणि कॅमेरा समोरचा अडथळा ओळखून चालकाआधी ब्रेक लावतात. दचकलेला माणूस पुरेशा जोरानं दाबत नाही, ही माणसाची खोड ते भरून काढतात. हे तंत्र मला स्वागतार्ह वाटतं. फक्त त्याचा हुकूमही शेवटी त्याच ऑइलमधून, त्याच पॅडवर आणि त्याच झिजलेल्या टायरवर पोचतो.

साखळीची सगळ्यात कच्ची कडी मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण तिच्याबद्दल आमच्याकडे कुणी बोलत नाही. ती म्हणजे ट्रॉली. चाळीस किलोचे शंभर कट्टे आणि ट्रॉलीचं स्वतःचं वजन धरून साडेपाच टन होतात. आमच्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. दोन टनांच्या ट्रॅक्टरची मागची दोन चाकं सगळ्यांचा भार थोपवतात. जो वेग मोटार तीन-चार मीटरमध्ये शून्यावर आणते, त्या ताशी २५ च्या वेगाला अशा जोडीला पंधरा-वीस मीटर लागतात. ट्रॅक्टर थोडा तिरपा असेल तर मागून ट्रॉली त्याला ढकलून आडवा करते. ट्रॉलीला ब्रेक बसवता येतो: ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर चालणारा, किंवा ट्रॉली पुढे ढकलली गेली की त्याच धक्क्यानं आपोआप लागणारा. दोन्ही तंत्रं जुनी आहेत. ट्रॉलीच्या किमतीत त्यांची भर आणि ती बनवणाऱ्या कारागिराला त्यांचं शिक्षण, एवढंच अडतं. बाजार समित्यांनी आणि परिवहन खात्यानं एका हंगामापुरता जरी हा विषय हाती घेतला तरी मोटारींच्या चार नव्या अक्षरांपेक्षा आमच्या रस्त्यांवर त्याचा जास्त उपयोग होईल.

तोवर देव्हाडीच्या उड्डाणपुलाच्या उतारावर आरशात भरलेली ट्रॉली दिसली की मी तिच्यापुढे ब्रेक दाबायची वेळ येऊ देत नाही. उतार संपताच गाडी कडेला घेतो, इंडिकेटर चालू ठेवतो आणि तिला पुढे जाऊ देतो. ट्रॅक्टरवाला हात वर करतो, वरच्या कट्ट्यांवर बसलेली पोरं मागे वळून बघतात, आणि मग मी निघतो.